बटणामागचा शिपाई

कंपनीने दिलेली गाडी जशीच्या तशी वापरणं हा अमेरिकेतल्या काही लोकांना स्वतःचा अपमान वाटतो. या मंडळींना तिकडे हॉट रॉडर म्हणतात आणि त्यांच्या हातून सुटलेल्या गाडीला कस्टम कार. १९३२ सालची फोर्ड पैदा करायची, तिचं छप्पर चार बोटं खाली आणायचं, मूळचं इंजिन उपटून तिथे शेव्हरोलेचं व्ही-एट बसवायचं, दारांच्या मुठी तासून पत्रा गुळगुळीत करायचा, आणि एवढा खटाटोप उरकला की गिअरबॉक्स मात्र ऑटोमॅटिक लावायचा. गाडीतलं झाडून सगळं काम ज्याने हौसेने अंगावर घेतलं, तोच गृहस्थ गिअर बदलायचं काम तेलाच्या दाबावर सोपवून मोकळा होतो. याबद्दल त्याला कोणी हसत नाही, कारण भांडण तिथे नाहीच. भांडण पुढे आहे. जे गिअर आपण बदलणारच नाही, ते बदलण्यासाठी हातात काय धरायचं? जुना यांत्रिक दांडा, की डॅशबोर्डवर ओळीने मांडलेली इलेक्ट्रॉनिक बटणं?

ऑटोमॅटिक गाडीत त्या दांड्याला काम किती असतं, हे आधी नीट पाहायला हवं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत स्टिअरिंगखालचा गिअर होता, त्याला दादर ते भायखळा एवढ्या अंतरात दीडदोनशे वेळा हलावं लागे. टॅक्सीवाल्याच्या डाव्या हाताचा अर्धा जन्म त्यातच जाई. १९४० च्या मॉडेलमध्ये ओल्डस्मोबिलने हायड्रामॅटिक आणला आणि अमेरिकन माणसाचा हात या कामातून सुटला. पहिला, दुसरा, तिसरा हे गिअरबॉक्सने आपापसात बघून घ्यायचं. चालकाने फक्त अक्षर निवडायचं; पुढे रूढ झालेली अक्षरं अशी: उभं राहायचं तर पी, मागे जायचं तर आर, कुठेच जायचं नसेल तर एन, पुढे जायचं तर डी. घरून निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, मधे गाडी मागे घ्यावी लागली तर आणखी दोनदा. एवढ्या चार हालचालींसाठी तिथल्या दुकानांत बिलियर्डच्या आठ नंबरच्या चेंडूपासून मानवी कवटीपर्यंत हरतऱ्हेच्या मुठींचे दांडे मिळतात. हर्स्ट कंपनीचा ड्युअल-गेट नावाचा दांडा तर १९६७ च्या पॉन्टिअॅक जीटीओत मिळायचा. त्यात शेजारीशेजारी दोन वाटा होत्या. एका वाटेत गाडी आपली आपण गिअर बदलणार, दुसऱ्या वाटेत पुरुषाने खटाखट दांडा ओढून गिअर स्वतः बदलल्याचं समाधान घ्यायचं. लोक त्याला ‘त्याचा आणि तिचा’ असं म्हणत. गिअर बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून आधी पैसे मोजायचे आणि मग तो त्रास परत मिळावा म्हणून पुन्हा मोजायचे, असा हा व्यवहार. तेव्हा दांड्याची बाजू घेणाऱ्यांनी आपण फार व्यवहारी आहोत असा आव आणू नये, हे त्यांच्याच बाजूने बोलताना मी आधी सांगून टाकतो.

होय, मी दांड्याच्या बाजूने आहे. पण त्याचं कारण मुठीतल्या कवटीत सापडायचं नाही, त्यासाठी गाडीखाली डोकवावं लागेल. कस्टम गाड्यांत हमखास दिसणारा जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा गिअरबॉक्स घ्या. त्याच्या डाव्या कुशीतून एक आखूड दांडी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर वीतभरही नसलेली लोखंडी पट्टी. ही पट्टी पुढेमागे झाली की आतली झडप सरकते, तेल या वाटेऐवजी त्या वाटेने जातं, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे जाते. पट्टी पार टोकाला नेली की एक खिटी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांडीवरच्या दात्यांत अडकते, तेच पार्क. बाहेरच्या जगाचा आणि गिअरबॉक्सचा याबाबतीतला सगळा पत्रव्यवहार या एका पट्टीमार्फत चालतो. यांत्रिक पद्धतीत दांड्यापासून पट्टीपर्यंत एक सळई किंवा केबल असते. हात हलला की पट्टी हलते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत बटण दाबलं की तारेतून खबर एका डबीत जाते. डबी ब्रेक दाबलेला आहे का ते बघते, गाडीचा वेग बघते, सगळं नियमात बसत असेल तर गाडीखाली बसवलेल्या मोटरला हुकूम सोडते, आणि मोटर जाऊन ती पट्टी ओढते. तीच, वीतभरही नसलेली.

इलेक्ट्रॉनिक किटच्या जाहिरातीत ही गोष्ट ठळक अक्षरांत कधी नसते. वाचणाऱ्याला वाटतं की यंत्र गेलं आणि त्याच्या जागी वीज आली. प्रत्यक्षात यंत्र जिथल्या तिथे असतं, फक्त ते ओढायला एक शिपाई नेमलेला असतो. दांडा म्हणजे हुकूम आणि बटण म्हणजे अर्ज, हा या दोघांतला खरा फरक. अर्ज दिल्यावर तो टेबलावरून पुढे सरकतो, त्यावर शेरा पडतो, मग शिपाई उठतो. बहुतेक वेळा हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआत होतं, हे मान्य. सरकारी कचेरीशी तुलना वेगाच्या बाबतीत अन्यायाची आहे. पण अर्जदाराची अवस्था तीच. काम झालं की नाही हे त्याला स्वतःच्या हाताने कळत नाही. समोरच्या पाटीवर दिवा लागला की झालं असं समजायचं.

हा नुसता म्हाताऱ्यांचा संशय आहे असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी इतिहासाने १९५६ ते १९५८ या काळात एक फार सुंदर प्रयोग करून ठेवला आहे. अमेरिकेत तेव्हा बटणांची लाट आली होती. क्रायस्लरने १९५६ च्या मॉडेलपासून स्टिअरिंगच्या डाव्या हाताला गिअरची बटणं दिली. त्याच वर्षी पॅकार्डनेही दिली. १९५८ च्या मॉडेलसाठी फोर्डने संस्थापकाच्या मुलाचं नाव लावून एडसेल ही गाडी काढली आणि तिची बटणं थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसवली. चाक फिरलं तरी मधला भाग स्थिर राहील अशी करामतही केली. वरून बघणाऱ्याला तिन्ही गाड्या सारख्याच आधुनिक. मात्र क्रायस्लरच्या बटणांमागे होती साधी केबल. बटण जोराने दाबायचं, त्याने केबल ढकलली जायची आणि केबलने गिअरबॉक्स. पॅकार्ड आणि एडसेलच्या बटणांमागे होती वीज आणि मोटर. क्रायस्लरची बटणं १९६४ च्या मॉडेलपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं चालली. पॅकार्डची विजेवरची बटणं तक्रारी गोळा करत एकच वर्ष टिकली, आणि पुढे ती डेट्रॉइटची पॅकार्डच उरली नाही. तिच्या मरणाचं खापर बटणांवर फोडणं बरोबर नाही, त्याला इतर कारणं पुष्कळ होती. एडसेलची टेलिटच नावाची बटणं मात्र १९५९ चं मॉडेल येईपर्यंतच गुंडाळली गेली. गाडी उतारावर पार्कमध्ये उभी केली की तिचं सगळं वजन त्या खिटीवर यायचं, आणि खिटी सोडवण्याएवढी ताकद बिचाऱ्या मोटरमध्ये नव्हती. शिपाई किरकोळ अंगाचा निघाला. शिवाय ज्या जागी अमेरिकन माणसाचा हात हॉर्नसाठी जायचा, तिथेच ही बटणं असल्याने हॉर्न वाजवायला जावं आणि गिअर बदलावा असेही प्रकार झाले. ही गाडी आपल्याकडे आली नाही हे तिचं नशीब. पुण्यात लक्ष्मी रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने किती वेळा रिव्हर्स घेतला असता याचा हिशेब करवत नाही.

प्रयोग जुना झाला, तेव्हाच्या मोटरी कमजोर होत्या, आताचं तंत्र वेगळं, हा यावरचा पहिला आक्षेप. तो खरा आहे. आजच्या मोटरी दणकट असतात आणि खिटी बिनबोभाट सोडवतात. पण मोटर सुधारली तरी अर्जाचं स्वरूप तेच राहतं, आणि त्याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. क्रायस्लर, डॉज आणि जीपच्या काही गाड्यांत २०१२ च्या मॉडेलपासून एक इलेक्ट्रॉनिक दांडा आला. दिसायला दांडाच, पण वागायला बटण. पुढे ढकला, मागे ओढा, सोडलात की तो मुकाट्याने पुन्हा मधोमध येऊन उभा. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे त्याच्या उभं राहण्यावरून कळायचा प्रश्नच नाही. त्यासाठी दिव्यातलं अक्षर वाचायचं. गाडी पार्कमध्ये आहे असं समजून लोक उतरले आणि गाडी चालायला लागली, अशा घटना घडल्या. माणसं जखमी झाली. शेवटी २०१६ साली जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या दांड्यात तुटण्यासारखं काही नव्हतं. जसा बनवला होता तसाच तो वागत होता. आणखी एक उदाहरण कमी गंभीर आहे. लिंकनच्या २०१५ च्या एमकेसी गाडीत गिअरची बटणं एका उभ्या रांगेत होती आणि त्याच रांगेत, स्पोर्टच्या बटणाला खेटून, इंजिन बंद करायचं बटण. गाडी जोरात पळवण्याच्या उमेदीने बोट खाली गेलं की गाडी बंद. ते एक बटण वर सरकवण्यासाठी कंपनीला १३ हजारांहून जास्त गाड्या परत घ्याव्या लागल्या. जिन्यातला दिवा लावायला जाऊन शेजाऱ्याची बेल वाजवणाऱ्या आपल्या सोसायट्यांत या चुकीचं कोणाला नवल वाटू नये.

खरा जड आक्षेप दुसराच आहे, आणि दांडेवाल्यांना तो आवडत नाही. यांत्रिक दांडा काय नेहमी खरं बोलतो? तर नाही. १९६६ ते १९८० या काळातल्या फोर्डच्या गाड्यांबद्दल तक्रार होती की दांडा पार्कच्या खाचेत बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो, आणि मालक उतरल्यावर इंजिनाच्या थरथरीने गाडी रिव्हर्समध्ये जाते. यातही जीव गेले. १९८० च्या अखेरीस सरकारशी तडजोड झाली, आणि त्यात काय ठरलं? गाड्या परत बोलवायच्या नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला एक सूचनेचा कागद पाठवायचा. उतरण्याआधी दांडा नीट पार्कमध्ये घाला, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. दोन टन लोखंडाचा दोष चिकटपट्टीने मिटवण्याचं हे उदाहरण आपल्या कुठल्याही महापालिकेला लाजवील. तेव्हा लोखंड प्रामाणिक आणि वीज लबाड, अशी वाटणी मला करता येणार नाही. कस्टम गाडीतली केबलही कमी द्वाड नसते. ती सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर तिचं प्लास्टिक वितळतं. तिचा ताण चुकला तर पट्टी दोन खाचांच्या मधे रेंगाळते, तेलाचा दाब अर्धवट मिळतो आणि आतल्या क्लचच्या चकत्या जळतात.

एवढं कबूल करूनही मी दांड्याकडे राहतो ते एका कारणासाठी. दांड्याचं खोटं पकडता येतं, आणि ते पकडायला अंगठा नि तर्जनी पुरतात. केबल पट्टीवरून सोडवायची, दांडा पार्कला ठेवायचा, पट्टी हाताने पार्कला न्यायची आणि केबलचं टोक आपोआप तिच्यावर बसतं का ते बघायचं. बसलं तर ठीक, नाही तर नट दोन आटे फिरवायचा. ही तपासणी शनिवारी दुपारी जेवून उठल्यावर, गाडी नीट टेकूवर घेऊन, कुणालाही करता येते. डबीने काय ठरवलं, का ठरवलं आणि मोटरला काय सांगितलं, हे तपासायला दुसरी डबी लागते. मोठ्या कंपनीकडे त्या दुसऱ्या डब्या असतात, चाचणीचे रस्ते असतात, चुकलंच तर ११ लाख गाड्या परत बोलवायची यंत्रणा असते. कस्टम गाडी जगात एकच असते. तिच्यात चूक निघाली तर ती परत बोलावणार कोण आणि कोणाकडे? बनवणारा, तपासणारा, गिऱ्हाईक आणि तक्रार निवारण अधिकारी असा एकच इसम त्या गॅरेजमध्ये उभा असतो, आणि त्याने तारा दिवाळीच्या माळा जोडाव्यात त्या उत्साहाने जोडलेल्या असतात.

बटणवाले यावर म्हणतात की आमची डबी निदान मूर्खपणा तरी अडवते. साठ मैलांच्या वेगात कोणी रिव्हर्स दाबलं तर ती ऐकत नाही. ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून सोडत नाही. हा मुद्दा चांगला आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं आहे. दांड्याच्या जमातीनेही मूर्खपणा अडवायची सोय बरीच आधी केली होती, खाचा आणि अक्षरांच्या क्रमाने. जुन्या हायड्रामॅटिकमध्ये रिव्हर्स हे लो या पुढच्या गिअरच्या शेजारी होतं. घाईत एक खाच जास्त गेली की गाडी उलटी. पुढे टीका झाली, सरकारने स्वतःच्या खरेदीसाठी आधी अटी घातल्या, आणि १९६८ पासून नियमच झाला की पुढे आणि मागे यांच्या मधे न्यूट्रल पाहिजे. तेव्हापासून अमेरिकेत कुणाच्याही ऑटोमॅटिक गाडीत बसलं तरी दांड्यावरचा क्रम तोच, आणि हात तो न बघता शिकतो. इलेक्ट्रॉनिक युगाने हे शिक्षण पुसून टाकलं. जॅग्वारच्या काही गाड्यांत इंजिन सुरू केलं की एक गोल चकती जमिनीतून उगवल्यासारखी वर यायची, बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या सेव्हन सीरिजमध्ये स्टिअरिंगजवळ वायपरच्या दांडीसारखी काडी, प्रियसमध्ये खेळण्यातली वाटावी अशी कांडी. दुसऱ्याची गाडी लावायला दिलेल्या हॉटेलातल्या पोऱ्याचे काय हाल होत असतील!

आणखी एक आक्षेप हुशार आहे: आजच्या कस्टम गाडीत बसणारा ४एल६०ई सारखा गिअरबॉक्स आतून आधीच इलेक्ट्रॉनिक आहे, पहिल्याचा दुसरा कधी करायचा हे संगणक ठरवतो, मग बाहेरच्या चार अक्षरांबाबत एवढं सोवळं कशाला? पण याच आक्षेपात माझं म्हणणं आहे. पहिला, दुसरा, तिसरा हा हिशेब आहे. वेग, भार, चढ बघून संगणक तो माणसापेक्षा चांगला करतो आणि त्याने तो खुशाल करावा. पुढे जायचं, मागे जायचं की थांबायचं, हा मात्र इरादा आहे. जमाखर्च कारकुनाने लिहावा, सही आपण करावी. म्हणूनच त्या ४एल६०ईलाही, आत एवढी वीज खेळवूनसुद्धा, बाहेर जनरल मोटर्सने ती जुनी पट्टी ठेवलीच आहे.

उरला देखणेपणाचा मुद्दा, आणि तिथे बटणवाले निर्विवाद जिंकतात. १९३२ च्या फोर्डमध्ये दोन माणसांच्या गुडघ्यांमधून दांडा वर येतो, तो काढला की जागा मोकळी होते, गालिचा अखंड राहतो. कस्टमवाल्यांना गाडीतलं कामाचं सगळं लपवण्याचा नादच आहे. दारांच्या मुठी तासल्यावर दार उघडतं ते आत लपवलेल्या विजेच्या खटक्याने. बॅटरी उतरली की मालक स्वतःच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. अशाच गाडीत बटणांचा गिअर असेल तर आत शिरल्यावरही ती पार्कमध्येच अडकलेली. ढकलून बाजूला घ्यायची तर आधी कोणीतरी तिच्याखाली सरपटत जाऊन शिपायाला पट्टीपासून दूर करायचं. पण प्रदर्शनात उभ्या राहायच्या गाडीचं गणित निराळं, हे मान्य केलं पाहिजे. एड रॉथ नावाच्या कस्टमवाल्याने १९६१ साली बीटनिक बँडिट नावाची गाडी बनवली, तिला काचेच्या बुडबुड्यासारखं छत होतं आणि स्टिअरिंगच नव्हतं. मधल्या एका काडीने वळायचं, पळायचं, सगळं. ती चालवायला सोयीची आहे का, हे विचारणारा माणूस चुकीच्या तंबूत शिरलेला असतो.

म्हणून निकाल असा. ज्या गाडीने ट्रेलरवर बसून प्रदर्शनाला जायचं आणि ट्रेलरवर बसूनच परत यायचं, तिला बटणं लावावीत, हवी तेवढी, सोन्याची लावली तरी हरकत नाही. ज्याच्या हातात दांडा ओढण्याचं बळ नाही त्यानेही बटणंच लावावीत, आणि त्याबद्दल त्याला कोणी दांड्याचं तत्त्वज्ञान ऐकवू नये. बाकी जी गाडी रस्त्यावर चालणार, चढावर थांबणार, घरासमोर उभी राहणार, तिला दांडा आणि केबल. मूठ कवटीची घ्या की चेंडूची, ते ज्याचं त्याने बघावं. आणि ज्यांनी बटणं आधीच बसवून टाकली आहेत त्यांना एक विनंती: उतारावर गाडी लावताना पहिल्यांदा हँडब्रेक ओढा, मग पार्क दाबा. १९५८ मध्ये एडसेलचे विक्रेते गिऱ्हाइकांना हेच सांगत होते.